आधी भाडेकरार, मग हार

रानजाई, तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात सांगायचं तर तू ठाण्यात कासारवडवलीला आईवडिलांकडे, तुझी मैत्रीण नागपूरला सरकारी बँकेत. चार वर्षं फोनवर आणि विदर्भ एक्सप्रेसवर चाललेलं तुम्हा दोघींचं प्रेमाचं नातं. आता दोन्ही घरी स्थळं बघायला सुरुवात झालीय. म्हणून तू विचारतेस, थायलंडला जाऊन लग्न नोंदवून यावं आणि मगच घरी सांगावं का, की कायदा बदलेपर्यंत थांबावं? आणि एकत्र राहायचंच ठरवलं तर सुरुवात कुठून करायची?

माझ्या भाच्या तुझ्या वयाच्या आहेत, म्हणून ‘तू’ म्हणते.

मी नेरूळची, माझी जोडीदार मंजू बेळगावची. आम्हीही कित्येक वर्षं रात्रीच्या बसवर काढली. पहाटे कळंबोलीच्या पुलाखाली उतरणारी ती आणि रविवारी रात्री तिथूनच परत चढणारी ती. गेली बरीच वर्षं खारघरला एकत्र राहतोय. त्यामुळे माझं मत ठाम आहे. आधी घर करा, त्या घराचे कागद करा, लग्न त्यानंतर. आणि कायद्याची वाट बघत थांबू नका.

आधी सर्वोच्च न्यायालयाचं सांगते, कारण ऐकीव माहितीवर खूप जणी आशा लावून बसतात. 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 चा आपल्याला लागू होणारा भाग गेला, म्हणजे आपलं नातं गुन्हा राहिलं नाही. पण 17 ऑक्टोबर 2023 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने लग्नाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी नागरी सहजीवनाची (लग्नाऐवजी जोडपं म्हणून कायदेशीर ओळख) मान्यताही नाकारली. फेरविचार याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. आता चेंडू संसदेकडे आहे. तिथे हालचाल होईपर्यंत तुमची तिशी, चाळिशी निघून जाईल, हे मला बघवत नाही.

थायलंडचं. तिथे 23 जानेवारी 2025 पासून समलिंगी लग्न कायदेशीर झालंय, तैवानमध्ये 2019 पासून आहे. जाऊन या, फोटो काढा, मला आनंदच आहे. पण ते प्रमाणपत्र घेऊन ठाण्यात उतरलीस की इथल्या कायद्याच्या दृष्टीने तुम्ही दोघी अविवाहितच. पुढे एखादीला जर्मनी किंवा नेदरलँड्सला नोकरी लागली, तर जोडीदाराच्या व्हिसासाठी लग्नाचं प्रमाणपत्र कामाला येऊ शकतं. असा बेत असेल तर खर्च करा. नसेल तर तेच पैसे घराच्या डिपॉझिटला ठेवा.

आता घर. लांब राहणाऱ्या जोडीचं एक असतं, भेट म्हणजे सण. दोन दिवस दोघीही चांगल्याच वागतात. वीजबिल कोण भरतं, कोणाच्या आईचा फोन रोज जेवताना येतो, पगार संपल्यावर कोण गप्प होतं, यातलं काही कळत नाही. मंजूला पहाटे साडेपाचला रेडिओ लागतो, तोही स्वयंपाकघरात, भांडी लावता लावता. इतकी वर्षं प्रेमात असून मला हे माहीत नव्हतं. पहिल्या महिन्यात आम्ही त्या रेडिओवरून जितक्या भांडलो तितक्या कशावरूनच भांडलो नाही. वर्षभर असं राहून बघा, आणि मग चारचौघांना बोलवा.

तुझं ऑफिस वागळे इस्टेटला आहे, तर ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकल मार्गावर बघ. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे. ठाणे स्टेशन हाताशी राहतं आणि घोडबंदरच्या कोंडीतून सुटका होते. दोन बाया म्हटल्यावर घर मिळायला फार त्रास होत नाही. मैत्रिणी समजतात, चौकशा कमी करतात. दोन पुरुषांना ‘बॅचलर नको’ म्हणून परत पाठवतात, हे डोळ्यांनी पाहिलंय. तुमचं नातं घरमालकाला सांगायलाच हवं असा कुठला नियम नाही. ते तुमच्या सोयीने ठरवा. पण एका गोष्टीवर अडून बसा. लिव्ह अँड लायसन्स करारात, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाडेकरारात, दोघींची नावं लायसन्सी (राहणाऱ्या) म्हणून आली पाहिजेत. एजंट म्हणेल, एकीचंच टाका, लवकर होतं. ऐकू नको. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि नोंदलेल्या करारावर तुम्हा दोघींचा एकच पत्ता येतो. त्यावरून आधार बदलतं, मग बँक, मग बाकी सगळं. तुम्ही एका छताखाली राहता हे दाखवणारा तो तुमचा पहिला सरकारी कागद.

त्यानंतर संयुक्त खातं. बँकेत कोणी नाक मुरडलं तर शांतपणे सांग, रिझर्व्ह बँकेने 21 ऑगस्ट 2024 ला सगळ्या बँकांना कळवलंय आणि अर्थ मंत्रालयाने 28 ऑगस्टला पत्रक काढलंय, की समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. तुझी मैत्रीण बँकेतलीच, तिला पत्रक लगेच सापडेल. त्याच सुमारास रेशनकार्डासाठीही अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरा, असं केंद्राने राज्यांना कळवलंय.

पैसे इकडून तिकडे करताना मात्र जपून. नवऱ्याने बायकोला कितीही दिलं तरी ती भेट करमुक्त. आपल्यात वर्षाला 50,000 च्या वर गेलं की घेणारीच्या उत्पन्नात धरलं जातं. अशाच एका जोडप्याने 2025 मध्ये याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. घर विकत घ्याल तेव्हाही हेच लक्षात ठेवा. एकीच्या नावावर घेऊन पुढे दुसरीचं नाव चढवू, असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. राहतं घर बायकोला किंवा मुलांना बक्षीसपत्राने द्यायला महाराष्ट्रात 200 रुपये मुद्रांक लागतो, आपण एकमेकींना द्यायचं तर परक्याला दिल्यासारखा पूर्ण. शिवाय नवी मुंबईत बऱ्याच इमारती सिडको या सरकारी महामंडळाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत, नाव बदलायला त्यांची परवानगी आणि शुल्क वेगळं. म्हणून पहिल्याच करारात दोन्ही नावं आणि प्रत्येकीचा हिस्सा किती ते लिहा.

मृत्युपत्र आजच करा. तरुण आहोत म्हणून टाळू नका. अविवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली तर तिचं सगळं आईवडिलांकडे जातं, आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. सोबत राहणारीचा त्यात कुठेही नंबर लागत नाही. नॉमिनी केलं म्हणजे मालकी मिळाली असंही नसतं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, ते शक्यतो ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे घ्या. नोंदणी ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन कराच, म्हणजे पुढे कोणाला बोट ठेवणं अवघड जाईल.

दवाखान्याचं जरा सविस्तर सांगते. मंजूचं अपेंडिक्स रात्री फुटायच्या बेताला आलं तेव्हा वाशीतल्या एका रुग्णालयात काउंटरवरचा मुलगा मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, ‘पेशंटचं रक्ताचं कोण आहे?’ तिचा भाऊ बेळगावात. तो निघाला तरी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार. माझ्या पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मंजूच्या सहीचं पत्र होतं. माझ्या उपचारांबाबत हिच्याशी बोला, हिला माहिती द्या, असं लिहिलेलं, तारीख आणि दोन साक्षीदारांसह. ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंनी ते वाचलं, झेरॉक्स काढायला सांगितली आणि मला आत घेतलं. असं पत्र दोघींनी करून फोनमध्येही ठेवा. पण त्याची मर्यादा ओळखा. असं पत्र किंवा साधं मुखत्यारपत्र माणूस शुद्धीवर आणि निर्णय घ्यायच्या अवस्थेत असेपर्यंतच चालतं. त्यापुढच्या अवस्थेसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलेलं आणि 2023 मध्ये सोपं केलेलं लिव्हिंग विल आहे, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तेव्हा उपचार कुठवर करायचे हे आधीच लिहून ठेवणं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. त्यात पालक म्हणून एकमेकींचं नाव घाला. मानसिक आरोग्य कायदा 2017 प्रमाणे तर मानसिक उपचारांसाठी साध्या कागदावर सही करून कुणाही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतं. ऑफिसच्या आरोग्य विम्याचंही एचआरला विचार. टाटा स्टीलसारख्या कंपनीने 2019 मध्येच समलिंगी जोडीदाराला सवलती द्यायला सुरुवात केली होती.

घरच्यांचं. याला ठरलेली रीत नाही, पण एक अनुभव सांगते. माझे वडील या विषयावर माझ्याशी बोलतच नव्हते. आई मात्र विचारायची, ‘म्हातारपणी तुमचं कोण बघणार?’ एकदा मी फ्लॅटचा करार आणि दोघींची मृत्युपत्रं त्यांच्यापुढे ठेवली. वडिलांनी चष्मा लावून पानन् पान वाचलं आणि विचारलं, ‘कर्जाचा हप्ता कोणाच्या खात्यातून जातो?’ या विषयावर ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. आम्ही रडून, समजावून जे झालं नाही ते त्या कागदांनी सुरू केलं. आईबापांना पोरगी उघड्यावर पडेल याची धास्ती असते, आणि ती धास्ती खरी आहे. तिला उत्तर द्या.

तुझ्या घरी मारहाणीची किंवा कोंडून ठेवण्याची भीती असेल तर मात्र सांगायची घाई नको. मूळ प्रमाणपत्रं आधी बाहेर काढ. निघताना ‘मी सज्ञान आहे, स्वखुशीने जातेय’ असं तारखेसह लिहून एक प्रत पोलीस ठाण्यात दे. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी आयुक्तालयं आहेत, त्यामुळे तुझ्या आईवडिलांच्या घराचं आणि नव्या घराचं, दोन्ही ठाण्यांत पोच घे. कोणाला डांबलंच, तर मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना बजावलंय की अशा सुटकेसाठी केलेल्या याचिका लवकर ऐका, त्या व्यक्तीशी एकांतात बोला आणि तिला बदलायचं समुपदेशन करू नका. समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या सांताक्रूझच्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थेशी आधीच बोलून ठेव.

लग्नाबद्दल लिहायला मला सगळ्यात जास्त आवडतं. आम्ही ते गच्चीवर केलं. कोण लावणार हा प्रश्न होता, कारण विचारलेल्या दोन्ही गुरुजींनी नकार दिला. मग मंजूच्या मामांनी सत्यशोधक पद्धतीचं सुचवलं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्येच भटजींशिवाय लग्न लावायची वाट मोकळी करून ठेवलीय, आणि त्यांच्या मंगलाष्टकांत तर दोघंच एकमेकांना वचन देतात. आम्ही आमची वचनं स्वतः लिहिली. त्यात हप्ता, आजारपण आणि दोन्हीकडच्या आयांना सांभाळणं होतं. मामांनी अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, बेळगावहून कुंदा आला होता. कायद्याच्या वहीत याची कुठेच नोंद नाही. माझ्यासाठी ते लग्नच आहे आणि इमारतीतल्या निम्म्या घरांसाठीही.

राहिली तिची नोकरी. राजीनामा देऊन येऊ दे, असं तू लिहिलंयस. नको. एकीच्या पगारावर सुरू झालेल्या घरात दुसरी पाहुणी होते. 2014 पासून सरकारी बँकांमध्ये विवाहित बायकांना नवऱ्याजवळ आणि अविवाहितांना आईवडिलांजवळ बदली मागता येते. तुम्हा दोघींना एकत्र यायला यातलं काही कामाचं नाही, तेव्हा तिने विनंती बदलीचा साधा अर्ज करावा, कारण न देता. मुंबई विभाग स्वतःहून मागणारे कमीच असतात, असं बँकेतल्या मैत्रिणी सांगतात. तोवर समृद्धी महामार्ग आहेच, जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण 701 किलोमीटर खुला झालाय. तिच्या बँकेत बदलीचे अर्ज कधी मागवतात ते विचारून घे आणि त्या तारखेच्या हिशेबाने घर बघायला लाग. घणसोलीला माझ्या ओळखीचा एक एजंट आहे, दोन नावांचा करार न कुरकुरता करून देतो. हवा असेल तर निरोप टाक.