आबांची जीप, डिझेल इंजिन आणि ३१ इंची टायर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा, मी रावेर तालुक्यातला, घरची केळीची शेती आहे. आमच्या आबांनी १९७४ ला सेकंड हँड घेतलेली महिंद्राची पेट्रोल जीप आहे, आरसी बुकात १९६८ चं मॉडेल, उंच बॉनेटवाली. माझ्या आत्याची वरातसुद्धा तिच्यातूनच निघालेली. सात-आठ वर्षं झाली, गोठ्याशेजारी शेडमध्ये उभी आहे. आता आबा ८१ चे झाले आणि रोज विचारतात, का रे, गाडी कधी चालू करतो. गॅरेजवाला म्हणतो पेट्रोल इंजिन काढून फेका, डिझेल टाकून देतो, वरून पॉवर स्टिअरिंग आणि ३१ इंची टायर, गाडी एकदम भारी दिसेल. खर्चाची तयारी आहे पण आबांना हे सांगितलं की ते काहीच बोलत नाहीत, उठून जातात. काय करू?

उत्तर : आबा उठून जातात ना, मला वाटतं तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे. पण भावनेचं बाजूला ठेवू, गाडीचंच बोलू, कारण नुसत्या गाडीच्या हिशोबानेसुद्धा ते इंजिन काढू नका असंच मी सांगेन.

तुमच्याकडे आहे ती सीजे-३बी. अमेरिकेतल्या विलिस कंपनीने हे मॉडेल १९५३ ला आणलं, महिंद्रा तेच आपल्याकडे बनवायची, आणि बॉनेट उंच का केलं तर आतलं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं म्हणून. २१९९ सीसी, चार सिलिंडर, आणि याची गंमत अशी की इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. हल्लीच्या पोरांनी असं इंजिन कधी उघडलेलंच नसतं, म्हणून ते "काढून फेका" म्हणतात. वाईट हेतूने नाही म्हणत, त्यांना ते माहीतच नाही. तुम्ही रावेर-यावल-भुसावळ भागात चौकशी करा, साठी ओलांडलेला एखादा मिस्त्री सापडेलच ज्याने उमेदीची वर्षं याच इंजिनात हात काळे केलेत. त्याला घरी बोलवा, चहा पाजा आणि आबांना शेजारी खुर्ची टाकून बसवा. आबांना त्या गाडीचे जे आवाज माहीत आहेत ते दुसऱ्या कुणालाच माहीत नाहीत.

आणि तोपर्यंत कृपा करून सेल्फ मारू नका, ट्रॅक्टरला बांधून ओढून तर अजिबात नाही. एवढी वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात, जोर लावला की रिंग तुटते नाहीतर सिलिंडरला आतून ओरखडे पडतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा, दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, मग पुढून हँडल लावून हाताने हळूच फिरवून बघा. फिरलं की निम्मी काळजी मिटली. मग साइडचं टॅपेट कव्हर उघडून खालचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते बघा, उभ्या गाडीत तेच आधी अडकतात. क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनवर इनलेटला ०.०१८ इंच, एक्झॉस्टला ०.०१६ इंच. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळायचा क्रम, १-३-४-२, हे वायर काढायच्या आधीच पत्र्यावर खडूने लिहून ठेवा, नंतर तासभर डोकं खाजवायला नको. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, ते आता वार्निश झालेलं असणार, टाकी आतून धुवा, कार्बोरेटर पूर्ण खोलून जेट साफ करा.

आता एक नवी भानगड आहे ती म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल. पंपावर आता २० टक्के मिसळलेलं मिळतं आणि या गाडीत टाकीतून इंजिनला पेट्रोल ओढणारा जो पंप असतो त्यातला पडदा आणि रबरी नळ्या त्या जमान्यातल्या नाहीतच, त्या फुगतात, तडकतात, आणि गरम एक्झॉस्टजवळ पेट्रोल ठिबकलं तर पुढचं सांगायला नको. पडदा नवा टाका, नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी करू नका, आठवड्याला एक चक्कर मारायचीच, तेवढं काम आबांकडे द्या, निदान शेजारी बसून.

डिझेलबद्दल. डिझेल इंजिन वजनदार, पुढचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसतात, माउंटिंगसाठी चेसिसवर वेल्डिंग येतं, आणि थरथर सगळ्या बॉडीला. शिवाय विलिसच्या या मॉडेलचं क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांना फिरवणारी गिअरची शेवटची जोडी, मुळात ५.३८ चं, शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक, म्हणजे जोर भरपूर पण चाक फिरायला इंजिनला जास्त पळावं लागतं. कमी आरपीएमचं डिझेल त्याला जोडलं की गाडी पन्नास-साठलाच केकाटायला लागते, मग क्राऊन बदला, मग गिअरबॉक्स बदला, आणि एक दिवस लक्षात येतं की आबांच्या गाडीतलं फक्त बॉनेट उरलंय.

कायद्याचं पण ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती बदलेल असा बदल आपल्या मनाने करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेच्या विरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलंय. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन घेऊन फिरलात आणि उद्या अपघात झाला तर विम्याचा दावा लटकणार. गॅरेजवाला तेव्हा तुमच्या सोबत उभा नसतो.

५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी निघालीय, व्हीए सिरीजचा नंबर, दहा वर्षांची मुदत. ऐकायला छान वाटतं पण त्या नोंदणीवर गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशाच कामाला रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. आणि चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला असेल तर ती मिळत नाही. तुम्हाला शेतात, बाजाराला, मनुदेवीच्या दर्शनाला जायचं असेल तर नेहमीचीच नोंदणी फिटनेस करून रिन्यू करा. उद्या विचार बदलला तर मूळ इंजिन आणि चेसिस जागेवर असल्यामुळे तोही रस्ता उघडा राहील.

मग पैसे घालायचे कुठे? सगळ्यात आधी ब्रेक. या गाडीला मास्टर सिलिंडर एकच, चारही चाकांना एकच लाइन, कुठेही एक पाइप फुटला की पाय थेट फळीला. इथे मी जुनं ते सोनं म्हणणार नाही, डबल सर्किटचा मास्टर सिलिंडर जरूर बसवा, पाइप सगळे नवे, चारही व्हील सिलिंडर नवे. हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) मागे शाफ्टवर आहे, म्हणून चालत्या गाडीत तो ओढायचा नाही, आणि मागचा शाफ्ट उतरवला असेल तेव्हा त्याच्या भरवशावर गाडी उतारावर लावायची नाही, चाकाला दगड लावा.

दुसरं कूलिंग. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो, त्यात बोअरचं जड पाणी घालून घालून ब्लॉकमध्ये चुन्याचा थर बसलेला असतो. रेडिएटर उघडून कोर बदलून घ्या, ब्लॉक फ्लश करा, नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच. थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आहे आपल्या मिस्त्रींना, ती नको, थंड राहिलेलं इंजिनसुद्धा झिजतं. पेट्रोलची लाइन एक्झॉस्टपासून लांब घ्या म्हणजे दुपारी पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणार नाही. पूर्वीचे ड्रायव्हर इंजिनजवळच्या त्या पंपावर ओलं फडकं ठेवायचे, आबांना विचारा, त्यांनी शंभर वेळा केलं असेल.

तिसरं वायरिंग, फ्यूज आणि रिले टाकून पूर्ण नवीन, आणि डायनॅमोऐवजी अल्टरनेटर चालेल. पण जुना डायनॅमो भंगारात देऊ नका, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. माझा नियम एकच आहे, बदल असा करायचा की पाने-पक्कड घेऊन बसलं तर एका दिवसात परत जसंच्या तसं करता आलं पाहिजे, आणि चेसिसला नवीन भोक पडता कामा नये.

पॉवर स्टिअरिंग याच नियमात बसत नाही. स्टिअरिंग जड लागतंय ते बहुतेक किंगपिन (ज्यांवर पुढची चाकं वळतात त्या पिना) कोरडे पडल्यामुळे, टाय रॉड एंड आणि मधल्या बेलक्रँकचे बुश गेल्यामुळे. एवढं नवीन करून ग्रीस मारा, शिम (पातळ चकत्या) नीट लावा, मग चालवून बघा. ३१ इंची टायर तर नकोच. मूळचे ६.००-१६ चे अरुंद टायर आपल्या काळ्या मातीत चिखल कापून खालच्या टणक थरापर्यंत जातात, रुंद टायर वरच्या वर गाऱ्याने भरून गोल गुळगुळीत होतो आणि जागेवर फिरतो. पावसाळ्यात केळीच्या बागेतून घड भरून गाडी काढायची असेल तर अरुंद, खोल नक्षीचे घ्या. फोर व्हील चिखलात शिरायच्या आधी टाका, फसल्यावर नाही, आणि डांबरी रस्त्यावर आलात की लगेच काढा, नाहीतर पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी झुंजतात आणि ट्रान्सफर केस खातात.

प्रश्न : माझ्या जीपच्या फ्लोअरचा पत्रा सडलाय. शिरपूरला एक डेंटर नवीन पूर्ण बॉडी बसवून मिलिटरी हिरवा रंग देतो म्हणतोय. देऊ का?

उत्तर : रंगाचं आधी सांगतो, ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीला लावता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ मध्ये तो फक्त संरक्षण खात्यासाठी ठेवलेला आहे. पूर्ण बॉडी बदलायची घाई नको. फ्लोअर, मागचा कोपरा आणि पायाखालचा भाग तेवढा कापून त्याच जाडीचा पत्रा लावता येतो, बाकीचा जुना पत्रा हल्लीच्यापेक्षा जाड असतो. वाळूचा मारा फक्त चेसिसला द्या, बॉडीच्या पातळ पत्र्याला दिला तर तो तापून लाटा येतात आणि मग किलोभर पुट्टी भरावी लागते. चेसिस मोकळी झाली की पाट्यांचे हँगर आणि मागचा आडवा मेंबर हातोडीने ठोकून बघा, आवाज बद्द आला तर तिथे आतून गंज आहे. आणि ग्राइंडर फिरण्याआधी चेसिस नंबरवर टेप लावा, फोटो काढून ठेवा, तो नंबर घासला गेला तर आरटीओत तुमची गाडी तुमची राहत नाही.

प्रश्न : नंदुरबारहून लिहितोय. वडिलांची महिंद्राची एमएम ५४० जीप, प्यूजो डिझेलवाली. तोरणमाळ चढताना काळा धूर आणि जोर नाही.

उत्तर : आधी एअर फिल्टर बघा, मग डिझेल फवारणारे नोझल काढून प्रेशरवर टेस्ट करा, मग डिझेल पंपाचं टायमिंग. याच क्रमाने, कारण बरेच जण थेट पंप खोलून घेतात आणि नंतर कळतं फिल्टरमध्ये धूळ होती. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल टाकून डिझेल वाचवायचं नाही, त्या वळणांवर तर नाहीच.

प्रश्न : मी अमळनेरची, लग्नानंतर नाशिकला असते. माझे पप्पा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या जीपच्या काचेच्या चौकटीवर त्यांनी स्वतः ब्रशने "आईची कृपा" लिहिलेलं आहे, रंग उडत चाललाय. भाऊ म्हणतो पूर्ण गाडी रंगवू, नंतर पेंटरकडून तेच परत लिहून घेऊ. मला ते पटत नाहीये पण तांत्रिक कारण सांगता येत नाही.

उत्तर : ताई, तांत्रिक कारण लागत नाही, पण मार्ग आहे. ती काचेची चौकट बॉडीपासून वेगळी निघते, खालचे दोन बिजागर आणि बाजूचे क्लॅम्प सोडले की झालं. बाकी गाडी भावाला रंगवू द्या, ही चौकट वेगळी ठेवा. कंपाउंड मारू नका, पॉलिश नको, साध्या पाण्यात दोन थेंब शांपू टाकून मऊ कापडाने हलकेच पुसा आणि सावलीत वाळू द्या. गंज फक्त आतल्या बाजूने घालवा, तिथे रेड ऑक्साइड लावा. अक्षरांवर पातळ मॅट क्लिअर कोट मारता येईल, पण आधी अक्षरांपासून लांब एका कोपऱ्यात मारून दोन दिवस वाट बघा, जुना ऑइल पेंट कधी कधी थिनरने सुरकुततो. सुरकुतला तर क्लिअर कोट पूर्ण विसरा आणि वर्षातून एकदा मेणाचा हात द्या. जुन्या रंगाची चौकट आणि नवी बॉडी यांचा रंग जुळणार नाही, आणि तो जुळवायचा नाही असं भावाला सांगा.