१९४४ च्या मुंबई गोदी स्फोटाची आग हमालाच्या बिडीमुळे लागली का? आणि ती शहरात एवढी पसरली कशी?

बिडीचं नाव काढलंत म्हणून लिहितोय. माझे आजोबा तेव्हा प्रिन्सेस डॉकला हमाल होते. एका लग्नात आमचे आतोबा भर पंगतीत त्यांना म्हणाले, "तुमच्यातल्याच कुणीतरी थोटूक टाकलं आणि मुंबई पेटली." आजोबांनी सदऱ्याची बटणं सोडून खांदा उघडा केला. मांडवीकडे पळताना वरून पेटता कापूस पडला होता, तिथली कातडी आक्रसून चकचकीत झालेली. तर आतोबा म्हणतात, "तेच तर सांगतोय मी!" आजोबा जेवले नाहीत, आणि मला तो माणूस आजही आवडत नाही.

आता पसरली कशी तर तशीच, कापसाने. फोर्ट स्टिकीन जहाज व्हिक्टोरिया डॉकला लागलेलं, पोटात जवळजवळ १४०० टन स्फोटकं, आणि वाटेत कराचीला त्यावर कापसाच्या गासड्या चढवल्या. एकाच फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या कप्प्यात, कापूस पण आणि दारूगोळा पण! वर धोक्याच्या मालाचा लाल बावटासुद्धा लावलेला नव्हता. १४ एप्रिलला दुपारी धूर दिसला, बंबवाल्यांनी ९०० टनांवर पाणी आत ओतलं तरी धुरामुळे आगीचं मूळ काही सापडेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. पेटत्या गासड्या उडून गोदामांवर, झोपड्यांवर, शेजारच्या जहाजांवर पडल्या, म्हणजे एक आग नाही तर एकाच वेळी शेकडो ठिकाणी आगी, आणि त्या विझवणारे आधीच जहाजापाशी स्फोटात सापडलेले. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, सरकारी आकड्यानेच एकूण मेले ते ८०० च्या आसपास.

आता बिडी-सिगारेटची शक्यता जास्त धरतात हे मलाही मान्य आहे, पण ती कुणाची हे काही सिद्ध झालेलं नाही, खलाशी पण ओढायचे आणि साहेब पण. हमालाने फक्त मुकादम सांगेल ते उचललं, कापूस कुठे आणि स्फोटकं कुठे ठेवायची हे ठरवणारे वेगळे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर बिडीवर एक ओळ पुरे, बाकीचं पान मालाच्या यादीवर लिहा. आणि घरी कुणी आमच्या आतोबांसारखं बोललं तर ऐकून घेऊ नका, तिथल्या तिथे विचारा की ते जहाज तसं भरायला सांगितलं कुणी.