नवा इन्स्टॉलर आला की लिनक्स वापरणाऱ्यांची नाराजी नेमकी कशावर असते?

आपला प्रश्न असा आहे की उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या दोन प्रकारांनी (डिस्ट्रोंनी) गेल्या काही वर्षांत आपले इन्स्टॉलर, म्हणजे प्रणाली संगणकावर बसवून देणारे प्रोग्रॅम, नव्याने बांधले, ते आधीच्यापेक्षा सुटसुटीतही दिसतात, तरी जुने वापरकर्ते त्यांच्यावर एवढे का कावतात. आणि पहिल्यांदाच विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकू पाहणाऱ्याने ही नाराजी कितपत मनावर घ्यावी. माझे मत असे आहे की रंगरूपाविषयीची कुरकुर खुशाल सोडून द्यावी, पण डिस्कच्या पानाविषयीची, म्हणजे लिनक्स कोणत्या डिस्कवर कुठे बसवायचे हे विचारणाऱ्या पानाविषयीची, तक्रार, ती कितीही चिडून लिहिलेली असली तरी, शेवटपर्यंत वाचावी.

इन्स्टॉलर हा विचित्र प्रोग्रॅम आहे. सामान्य माणसाला तो तीन-चार वर्षांतून एकदा भेटतो, आणि काम बिनबोभाट झाले की त्याविषयी कोणी चार ओळी लिहायला बसत नाही. लिहितात ते दोन प्रकारचे लोक: ज्यांचे काहीतरी बिघडले ते, आणि आठवड्याला दोन-तीन संगणक उभे करणारे, ज्यांच्या बोटांना जुन्या पानांचा क्रम पाठ झालेला असतो ते. दुसऱ्या गटाच्या बोलण्यात सवय मोडल्याचा राग भरपूर असतो, हे मान्य करायला हवे. मी स्वतः त्याच गटातला आहे. पण पहिल्या गटाची तक्रार सवयीची नसते. बाकी कोणताही प्रोग्रॅम चुकला तर पुन्हा उघडता येतो; इन्स्टॉलर चुकला तर आधी जे होते ते जाते.

सर्वात गाजलेले उदाहरण फेडोरा 18 चे आहे. अ‍ॅनाकोंडा या इन्स्टॉलरचा दर्शनी भाग त्या आवृत्तीत मुळापासून बदलला, आणि मुख्यतः त्याच कामामुळे नोव्हेंबर 2012 मध्ये येणारी आवृत्ती 15 जानेवारी 2013 पर्यंत लांबली. एकामागून एक पाने उलटण्याची पद्धत जाऊन त्याजागी एक मध्यवर्ती पान आले. भाषा, वेळ, डिस्क यांपैकी हवे ते उघडायचे, भरायचे आणि परत मध्यावर यायचे. कल्पना वाईट नव्हती. मात्र काम झाल्याचे ‘डन’ हे बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात होते, आणि पान भरून झाल्यावर माणसाची नजर सवयीने खाली उजवीकडे जाते. वर्षानुवर्षे लोक त्या एका बटणावर वैतागत राहिले. त्याहून खोल अडचण हाताने पार्टिशन करण्याच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याच्या, पानावर होती. आपल्या डोक्यात आधी डिस्क असते आणि तिच्यावर ओळीने मांडलेली पार्टिशने असतात. त्या पानाने मात्र सगळे ‘कोणत्या प्रणालीचे काय’ अशा गटांत मांडले. आपली विंडोज त्या यादीत नेमकी कुठे आहे आणि तिला धक्का लागणार की नाही, हे अनुभवी माणसालाही चटकन उमगत नसे. लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, अनेक वर्षे काम केलेले अ‍ॅलन कॉक्स यांनी जाहीरपणे नापसंती व्यक्त करून तेव्हा फेडोराच सोडले. गंमत अशी की ‘इन्स्टॉलेशन सुरू करा’ हे बटण दाबेपर्यंत तो इन्स्टॉलर डिस्कवर काहीही लिहीत नव्हता. म्हणजे तो लोकांना वाटत होता त्यापेक्षा सुरक्षित होता, पण पाहणाऱ्याला तसा विश्वास वाटत नव्हता.

उबुंटूची गोष्ट थोडी वेगळी आहे. युबिक्विटी हा तिचा जुना इन्स्टॉलर 2006 च्या 6.06 पासून चालत आला होता. एप्रिल 2023 मध्ये 23.04 सोबत फ्लटर या अ‍ॅप बांधण्याच्या साधनात लिहिलेला नवा इन्स्टॉलर आला, आणि त्याच्या पोटात सर्व्हर आवृत्तीचीच यंत्रणा बसवली गेली, जेणेकरून दोन वेगळी इंजिने सांभाळावी लागू नयेत. कारण रास्त होते, परंतु जुन्यातल्या काही सोयी पहिल्या दिवशी नव्यात नव्हत्या. झेडएफएस या डिस्कवर फाइली साठवण्याच्या पद्धतीवर (फाइल सिस्टिमवर) इन्स्टॉल करण्याचा पर्याय 23.04 मध्ये गायब झाला आणि 23.10 मध्ये परत आला. ज्याला तोच पर्याय हवा होता त्याला ‘नवे रूप किती छान’ हे ऐकवण्यात अर्थ नव्हता. उबुंटूने जुना इन्स्टॉलर असलेली वेगळी डाउनलोड-फाइलही (आयएसओ) काही काळ उपलब्ध ठेवली, हे मला शहाणपणाचे वाटले.

जुन्याची आठवण काढताना लोक त्याचे दोष मात्र विसरतात. युबिक्विटीत बूटलोडर (संगणक सुरू होताना प्रणाली चालू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) कोणत्या डिस्कवर टाकायचा हे विचारणारी यादी होती. आपण बाहेरची डिस्क निवडली तरी यूईएफआय (संगणक सुरू करणारी नव्या पद्धतीची यंत्रणा) असलेल्या संगणकांवर तो अनेकदा आतल्या पहिल्याच डिस्कवर जाऊन बसे. शिवाय पार्टिशनचा निर्णय झाला की तो लगेच कामाला लागे आणि आपण नाव-पासवर्ड भरत असताना मागे फाइल उतरवत असे. वेळ वाचायचा खरा, पण मागे फिरण्याची वाट केव्हाच बंद झालेली असायची. नवा इन्स्टॉलर सगळे प्रश्न आधी विचारतो, शेवटी आढावा दाखवतो आणि मगच डिस्कला हात लावतो. माझ्या दृष्टीने या बदलात हीच खरी कमाई आहे, आणि तिचे कौतुक जवळपास कोणी करत नाही.

आता माझी स्वतःची जखम. माझ्या संगणकात सारख्याच आकाराच्या दोन एसएसडी होत्या. एका डिस्ट्रोच्या नव्या, अतिशय देखण्या इन्स्टॉलरने त्या दोन्ही फक्त ‘500 जीबी’ अशा दाखवल्या. कंपनीचे नाव नाही, मॉडेल नाही, आत काय आहे त्याची पट्टी नाही. मी वरची निवडली. आढाव्याच्या पानावरही ‘निवडलेली डिस्क पुसली जाईल’ एवढेच एक वाक्य होते. पुसली गेली ती माझ्या चाचणीच्या आभासी यंत्रांची (संगणकाच्या आत चालवलेल्या संगणकांची) डिस्क. भरून न येणारे काही गेले नाही, आठवड्याचे काम गेले. नवख्याला घाबरवू नये म्हणून जी माहिती लपवली जाते, तीच बऱ्याचदा त्याला वाचवणारी असते.

म्हणूनच फेडोरा 42 चा अनुभव मला आशादायक वाटतो. एप्रिल 2025 मध्ये त्याच्या वर्कस्टेशन या डेस्कटॉप आवृत्तीला वेब तंत्रावर चालणारा नवा इन्स्टॉलर मिळाला. ‘इन्स्टॉल करायला ब्राउझर कशाला?’ ही प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे उमटली, आणि जुन्या, कमी मेमरीच्या संगणकांपुरती तिच्यात तथ्यही आहे. पण पाने पुन्हा ओळीने येऊ लागली, संपूर्ण डिस्क निवडली असेल तर शेवटच्या बटणावर ‘डेटा पुसून इन्स्टॉल करा’ अशा अर्थाचे स्पष्ट शब्द आले, आणि आधीचे फेडोरा काढून नवे बसवण्याचा थेट पर्यायही मिळाला. हाताने पार्टिशन करणाऱ्यांची तक्रार मात्र मला पटते: त्यांचे साधन तीन ठिपक्यांच्या मेनूत जाऊन बसले आहे, आणि ते तिथे आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तरीही 2013 सारखा भडका उडाला नाही, याचे एक कारण हेही असावे की फेडोरा 42 च्या बाकीच्या आवृत्त्यांनी तेव्हा जुनाच दर्शनी भाग ठेवला होता.

आपल्यापुरते सांगायचे तर थांबण्याची गरज नाही. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी सोय, चालू आहे का ते पाहा, असल्यास ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की संगणकाबाहेर लिहून ठेवा. एन्क्रिप्शन चालू असेल तर उबुंटूचा इन्स्टॉलर विंडोजचे पार्टिशन आपोआप लहान करण्याच्या फंदात पडत नाही, त्याला बिघाड समजू नका. जागा शक्यतो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा. नंतर लाइव्ह सत्र, म्हणजे काहीही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारे लिनक्स, सुरू करून इन्स्टॉलर उघडण्याआधी ‘डिस्क्स’ हे अ‍ॅप उघडा. त्यात प्रत्येक डिस्कचे मॉडेल आणि अनुक्रमांक दिसतात. ते कागदावर उतरवा. इन्स्टॉलरच्या आढाव्याच्या पानावरची डिस्क त्या कागदाशी जुळेना, तर मागे या. फेडोराच्या त्या तीन ठिपक्यांतल्या साधनाने हाताने पार्टिशन केले नसेल, तर तिथपर्यंत काहीही पुसलेले नसते; ते साधन मात्र बदल लगेच डिस्कवर लिहिते.