मॉरिशसची हवा: वाचकांचे प्रश्न

मॉरिशसबद्दलच्या पत्रांचा गठ्ठा पुन्हा साठला आहे. निम्म्याहून जास्त पत्रांत घोळ एकच. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंशांवर, मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. अंतर जवळपास तेवढंच, पण बाजू उलट, म्हणून ऋतूही उलटे. एवढं ध्यानात ठेवलं तर बरेच प्रश्न पडणारच नाहीत.

जुलैत लग्नानंतर फिरायला जातोय. तिकडे फार उकडेल का? (पुणे)

नाही, जुलैत तिथे हिवाळा असतो. स्वेटर न्या.

एजंट म्हणतात, ‘फेब्रुवारी हाच बेस्ट सीझन, म्हणून खास सवलत देतोय.’ घ्यावी का? (नाशिक)

सवलत फेब्रुवारी चांगला म्हणून मिळत नाही, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं म्हणून मिळते. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उन्हाळा आणि पावसाळा, दोन्ही एकदम. जानेवारी ते मार्चमध्ये पाऊस सर्वांत जास्त, आणि चक्रीवादळांचा भरही तेव्हाच. रोज वादळ येतं असं नाही, फेब्रुवारीत स्वच्छ आठवडाही मिळतो. पण ‘बेस्ट सीझन’ हे निखालस खोटं आहे, आणि दरवर्षी याच वाक्यावर लोक पैसे भरतात याचा मला राग येतो. वादळामुळे विमानतळ बंद झाला तर किती पैसे परत मिळणार, हे एजंटकडून लेखी घ्या. प्रवास विम्यात चक्रीवादळ धरलं आहे का, हे विमा कंपनीला स्वतः विचारा, एजंटमार्फत नको. तारखा तुमच्या हातात असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबर बघा, पाऊस तेव्हा सर्वांत कमी असतो.

हॉटेल पूर्व किनाऱ्यावर घ्यावं की पश्चिम? दोन्हीकडे ‘सी व्ह्यू’ आहे. (कोल्हापूर)

समुद्र दोन्हीकडे आहे, हवा दोन्हीकडे सारखी नाही. या बेटावर वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात. ते पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या किनाऱ्यावर आदळतात, मधल्या पठारावर चढताना पाणी सोडतात आणि पश्चिमेला उतरेपर्यंत कोरडे झालेले असतात. पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, पश्चिम किनाऱ्यावर ९०० च्या आसपास. महाबळेश्वर आणि वाई डोळ्यांपुढे आणा, तोच प्रकार. बेट मात्र इतकं लहान (सुमारे १८६५ चौरस किलोमीटर) की पठारावरच्या क्यूरपीपच्या धुक्यातून निघालेली गाडी तासाभरात पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आँ-फ्लाकच्या उन्हात पोहोचते.

जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर पश्चिम किंवा वायव्य किनारा घ्या, पूर्वेला तेव्हा वारा फार असतो. उन्हाळ्यात मात्र पूर्वेचा वारा सुखद वाटतो. घरात दम्याचा त्रास असलेलं कोणी असेल तर पठारावरची दमट हवा सोसेल का, हे आधी डॉक्टरांना विचारा.

पाण्याखालचा धबधबा बोटीतून दाखवतो म्हणाले. खरंच दिसतो? (औरंगाबाद रोड, अहमदनगर)

दिसत नाही, कारण तो धबधबाच नाही. बेटाच्या नैर्ऋत्येला ल मोर्न डोंगराच्या टोकाशी किनाऱ्याची वाळू आणि गाळ उथळ कड्यावरून खोल पाण्यात सरकतात. वरून पाहिलं की रंगांमुळे पाणी कोसळल्याचा भास होतो. तो हेलिकॉप्टरमधून किंवा डोंगरमाथ्यावरून दिसतो, बोटीतून नाही. बोटवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

मॉरिशस म्हणजे भारतापासून तुटलेला तुकडा, असा मेसेज फिरतोय. मुलीला काय सांगू? (ठाणे)

मेसेज बाजूला ठेवा. खरी गोष्ट त्याहून सुंदर आहे.

मॉरिशस ज्वालामुखीतून तयार झालं, त्याचा समुद्राच्या वर दिसणारा सर्वांत जुना खडक साधारण ८० ते ९० लाख वर्षांचा. पण ज्या उष्ण स्थानातून (पृथ्वीच्या पोटातली आग वर येते ती जागा) हा लाव्हा आला, त्याच स्थानावरून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा लाव्हा वाहिला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. वरची भूपट्टं उत्तरेकडे सरकत गेली, खालची आग जवळपास जागेवर राहिली. तिच्या खुणांची रांग नकाशावर बोटाने दाखवता येते: दख्खन, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन, जिथला ज्वालामुखी आजही धगधगतो. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. सह्याद्रीतल्या माणसाला तो दगड ओळखीचा वाटतो, आणि ती ओळख खरी आहे. कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिथे गेलेल्या मराठी मजुरांनीही तेच दगड उपसले असणार.

मेसेजमध्ये तथ्याचा एक कण आहे. २०१७ साली संशोधकांनी मॉरिशसच्या खडकात सुमारे ३ अब्ज वर्षं जुने झिरकॉन या खनिजाचे कण सापडल्याचं जाहीर केलं. म्हणजे या तरुण लाव्ह्याखाली, भारत आणि मादागास्कर जोडलेले असतानाच्या काळातला, भूखंडाचा जुना तुकडा गाडलेला असावा. बेट म्हणजे तो तुकडा नव्हे, बेट त्याच्यावर उभं आहे. मुलीला नकाशा द्या आणि शंका उरल्या तर शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना विचारायला सांगा.

मुलगा नोकरीसाठी तिकडे आहे. वादळाचा ‘वर्ग १’ जाहीर झाला तेव्हा तो म्हणाला, ‘आई, एकच आहे, काळजी नको.’ बरोबर आहे का? (सातारा)

चूक आहे, आणि या चुकीबद्दल मी लिहून थकत नाही. ताई, हा आकडा वादळाचा जोर सांगत नाही, तुमच्या हातात किती वेळ उरला ते सांगतो.

वर्षानुवर्षांची पद्धत अशी: १२० किलोमीटर वेगाचे झोत येण्याची शक्यता असेल तर साधारण ३६ ते ४८ तास आधी वर्ग १. दिवसाउजेडाचे १२ तास हाताशी राहावेत म्हणून वर्ग २. सहा तास राहावेत म्हणून वर्ग ३. वर्ग ४ म्हणजे तसे झोत सुरू झाले. तेव्हा वर्ग १ ला जे वादळ आहे, तेच वर्ग ४ ला असतं, फक्त दारात आलेलं. पाणी भरणं, औषधं आणणं, खिडक्या पक्क्या करणं, हे सगळं वर्ग १ आणि २ मध्ये उरकायचं. वर्ग ३ ला दुकानात निघणाऱ्याला उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट वादळाच्या डोळ्याची. वादळाचा मध्य डोक्यावर आला की वारा पडतो, कधी आकाशही उघडतं. लोकांना वाटतं, सुटलो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो आणि पत्रा बघायला बाहेर गेलेला माणूस त्यात सापडतो. १९६० च्या ‘कॅरल’ चक्रीवादळाने त्या बेटाची घरं अशी उद्ध्वस्त केली की त्यानंतर लोक काँक्रीटकडे वळले. त्या पिढीला हे समजावावं लागत नाही, नव्याने गेलेल्यांना लागतं.

तिसरी, पाण्याची. पूर वर्गाच्या आकड्यात बसत नाही. ३० मार्च २०१३ ला राजधानी पोर्ट लुईमध्ये चक्रीवादळ नव्हतं, नुसता पाऊस होता, आणि ११ माणसं गेली, काही भुयारी वाटेत अडकून. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ चक्रीवादळाच्या पावसात त्याच शहरात मोटारी वाहत गेल्या. पाणी चढत असेल तर गाडी सोडून उंचावर जायचं, गाडी वाचवायची नाही.

मुलाला सांगा: व्हाकोआच्या हवामान खात्याचं पत्रक स्वतः वाच, कार्यालयाच्या ग्रुपवरचं ऐकीव नको. घर किती पक्कं आहे आणि पाणी कुठे साचतं, हे घरमालकाला आणि शेजाऱ्यांना आजच विचार, इशारा येण्याची वाट पाहू नको.

महाशिवरात्रीला गंगा तलावाला पायी जायचं आहे. पाऊस लागेल? (डोंबिवली)

लागेल असं धरूनच निघा. तो तलाव ज्वालामुखीच्या मुखात, ओल्या पठारावर आहे, आणि महाशिवरात्र ऐन वादळाच्या दिवसांत येते. २०२३ साली महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला होती, २० तारखेला ‘फ्रेडी’ चक्रीवादळ बेटाच्या उत्तरेकडून जवळून गेलं. प्रशासनाने यात्रा आवरती घ्या म्हटलं तर आवरती घ्यायची. रक्तदाब, मधुमेह असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

प्रवाळाच्या आतलं पाणी शांत असतं म्हणे. मुलांना मोकळं सोडावं का? (मालवण)

मालवणच्या माणसाने हे विचारावं याचं नवल वाटतं. लाटा प्रवाळभिंतीवरून आत येतात, ते पाणी भिंतीतल्या खिंडींमधून बाहेर ओढलं जातं. वरून शांत दिसतं, खिंडीजवळ ओढ जबर असते. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ तर भिंतच तुटक आहे, तिथे पोहायचंच नाही. पाण्यात नेहमी जाड तळव्याचे बूट घाला, कारण स्टोनफिश हा विषारी काट्यांचा मासा दगडासारखा पडून असतो. काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा, घरगुती लेप लावत बसू नका. कुठे उतरायचं ते जीवरक्षकाला किंवा तिथल्या कोळ्यांना विचारा.

तिथे फ्लॅट घेतोय. दक्षिणेची गॅलरी म्हणजे हिवाळ्यात ऊन, बरोबर ना? (मुलुंड)

उलट. हिवाळ्यात तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. सही करण्याआधी तिथल्या वास्तुविशारदाला घर दाखवा.