भारतातून तुवालूला, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या छोट्या बेटदेशाला जायचंय. मार्ग, पैसे, शाकाहारी जेवण, बघण्यासारखं काय? कुणी गेलंय का?

जाऊन आलोय, म्हणून सांगतो: आधी विमान बघा, रजा नंतर टाका. राजधानी फुनाफुतीला फिजीहून आठवड्यात मोजकीच विमानं जातात, मुख्यतः फिजीची राजधानी सुवाहून. मुंबईहून सिंगापूर किंवा हाँगकाँग, मग फिजीतलं नांदी, मग सुवा. परतताना फिजीत दोन-तीन दिवस मोकळे ठेवाच. हवा बिघडून विमान रद्द झालं, तर पुढचं दुसऱ्याच दिवशी मिळेल असं नाही. फिजीत भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. तुवालूचा प्रवेश-परवाना उतरल्यावर मिळतो. तरी तिकीट काढण्यापूर्वी नियम तपासा आणि परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग छापून जवळ ठेवा.

चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. एप्रिल २०२५पर्यंत अख्ख्या देशात एकही एटीएम नव्हतं. आता आहे, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. पूर्ण मुक्कामाची रोकड, तीही लहान नोटांत, फिजीतूनच घेऊन निघा.

शाकाहाराचं जरा अवघड आहे. मासे, डबाबंद मांस, भात, नारळ आणि खड्ड्यांत पिकवलेला पुलाका नावाचा अळूसारखा कंद, असं तिथलं जेवण. जमीन प्रवाळाची, त्यामुळे भाजीपाला फार थोडा पिकतो. बाकी जहाजाने येतो आणि जहाज लांबलं की दुकानातले कांदे-बटाटेही संपतात. फिजीत भारतीय वंशाचे लोक भरपूर, डाळ-मसाले सहज मिळतात. लागेल तेवढी खरेदी तिथेच करा. खाण्याचं जे काही बरोबर असेल ते कस्टम्सच्या फॉर्मवर लिहायचं, लपवायचं नाही. नदी-ओढा नाहीच, सगळी मदार टाक्यांत साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर. बादलीभर पाण्यात अंघोळ उरकायची सवय इथे कामी येते.

बघायला ‘पॉइंट’ शोधत गेलात तर कंटाळाल. संध्याकाळी धावपट्टीवर जा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेली ही पट्टी गावाच्या मधोमध आहे. विमान नसताना पोरं तिथे फुटबॉल-व्हॉलीबॉल खेळतात आणि विमान यायच्या आधी भोंगा वाजला की बाजूला होतात. मोटारसायकल भाड्याने घेऊन बेटाच्या टोकापर्यंत जा. काही ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूला लगून (बेटांच्या कड्याने वेढलेलं शांत पाणी), दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये जेमतेम वीसेक मीटर जमीन! लगूनच्या पश्चिमेला संरक्षित क्षेत्र आहे. बोट आणि परवानगी दोन्ही काउपुलेकडे, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीकडे, पोचल्या दिवशीच विचारा. पाण्यात उतरताना अंगभर कपडे बरे, तिथले लोकही तसेच पोहतात.

१८९६ ते १८९८ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीने डार्विनचा प्रवाळबेटांचा सिद्धांत (खचत जाणाऱ्या ज्वालामुखीवर प्रवाळ वाढत जातं) पडताळायला जिथे खोल भोक पाडलं, ती जागाही आहे. दिसत काहीच नाही म्हणा, पण मला भूगोलाचं वेड, मी गेलो.

नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस जास्त, त्यातही फेब्रुवारी-मार्चच्या मोठ्या भरतीत पाणी रस्त्यांवर येतं. जून ते सप्टेंबर बरा. रविवार चर्चचा, त्या दिवशी बोट ठरवू नका.