मालवणला फक्त सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी जायचं तर दोन-तीन तास पुरतात का?

तुमच्या प्रश्नावरून बेत असा दिसतो: डिसेंबरात रात्री पुण्याहून निघायचं, अकराच्या सुमारास मालवणला पोचायचं, होडीने किल्ला बघून यायचं, जेवायचं आणि तीनला तारकर्लीकडे निघायचं. सोबत सत्तरीचे आईबाबा आणि आठ वर्षांची मुलगी.

नाही पुरत. मालवण माझं आजोळ आहे, म्हणून हे जरा हट्टाने सांगतेय. रात्री तारकर्लीला राहण्याऐवजी मालवण गावातच राहा आणि किल्ल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या होडीने जा. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर आहे, ती कुठे पळून जात नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा सासूसासऱ्यांना घेऊन गेले, तेव्हा मीही तुमच्यासारखाच बेत आखला होता. मामी म्हणाली होती, "दुपारचा काय ठेवला हा थय? सकाळचे जावा, पाणी गप आसता." मी ऐकलं नाही. बाराच्या उन्हात होडीत बसलो. साधारण पद्धत अशी की ज्या होडीने जाता तिनेच परत यायचं आणि मध्ये गडावर तासभर मिळतो. सासऱ्यांना होडीतून उतरायला, शेवाळलेल्या दगडांवरून दरवाजापर्यंत यायलाच वेळ लागला. शिवराजेश्वराचं, म्हणजे गडावरच्या शिवाजी महाराजांच्या देवळातलं दर्शन झालं, एका विहिरीपाशी टेकलो आणि परतायची हाक आली. ते इतिहासाचे शिक्षक होते. तट चढायचा राहिला याची हळहळ त्यांना पुढे कित्येक वर्षं होती. दुसरी फेरी कधी जमलीच नाही.

म्हणून होडीत बसण्याआधीच तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, बोलून घ्या: आम्हाला गडावर दोन-अडीच तास हवेत, मागच्या एखाद्या होडीने परत आलो तर चालेल का? सकाळी गर्दी कमी असते तेव्हा हे जमण्याची शक्यता जास्त. आईबाबांना होडीत मधल्या फळीवर बसवा. उतरताना घाई करू देऊ नका, चपलांऐवजी पकड असलेले बूट घालू द्या.

गडावर काय बघायचं, तर माझ्या मते सगळ्यात आधी दरवाजा. होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसतच नाही. दोन बुरुजांच्या वळणात असा दडवलाय की समोर नुसता तट वाटतो. मुलीला होडीतच विचारा, "दरवाजा कुठे असेल?" माझ्या भाच्याला तो उतरेपर्यंत सापडला नव्हता. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला गेला आणि १६६७ मध्ये काम पुरं झालं. उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी, दक्षिणेला वेंगुर्ल्याचे डच आणि गोव्याचे पोर्तुगीज, या सगळ्यांच्या मध्ये स्वतःचं आरमारी ठाणं हवं म्हणून शिवाजी महाराजांनी ही जागा निवडली. पायाच्या दगडांत शिसं ओतलंय. सुमारे ४८ एकरांचं बेट आणि त्याच्या कडेकडेने तीन किलोमीटरच्या आसपास नागमोडी धावणारा तट. तो नुसता ऐकून कळत नाही, थोडा तरी चालावा लागतो. आईबाबांना देवळाच्या सावलीत बसवून तुम्ही आणि मुलगी पश्चिमेच्या बाजूला जाऊन या. तिथे तटाच्या आत एक चिमुकली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आहे, राणीची वेळा म्हणतात तिला.

शिवराजेश्वराच्या देवळात मात्र घाईने हात जोडून निघू नका. राजाराम महाराजांनी बांधवलेलं हे मंदिर. आतल्या मूर्तीत शिवाजी महाराजांना दाढी नाही आणि डोक्यावर आमच्याकडच्या दर्यावर्दी माणसासारखी टोपी आहे. लहानपणी मला ते महाराज आमच्या वाडीतलेच कुणीतरी वाटायचे. आजही त्या मूर्तीपुढे उभी राहिले की गळा दाटून येतो.

दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरी बघा आणि पाणी चाखून बघा. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये हे गोडं. गडावर अजून काही कुटुंबं राहतात, तेव्हा त्यांच्या अंगणात, पडवीत विचारल्याशिवाय शिरू नका. त्यांचा बाजार, दवाखाना सगळं पाण्यापलीकडे. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात आणि दर्या खवळलेला असतो, म्हणून ही मंडळी पावसाळ्याचं सामान आधीच भरून ठेवतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यांत सिंधुदुर्गही आहे. आमच्या घरी त्या दिवशी गोडाधोडाचं झालं.

आता गावाबद्दल, कारण लोक मालवणला होडीचं तिकीट काढायची जागा समजतात आणि याचंच मला वाईट वाटतं. हा किल्ला एकटा उभा नव्हता. किनाऱ्यावर राजकोट, कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट, समोर खडकावर पद्मगड, अशी पाठराखण होती. दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत. किल्ल्याच्या कामाआधीची पूजा इथे झाली, असं मानतात. संध्याकाळी तिथे जाऊन बसा. समोर तटामागचं आभाळ तांबूस होतं, शेवटच्या होड्या परत येत असतात. किल्ला म्हणजे काय हे मला गडावर जितकं कळलं, त्याहून जास्त या धोंड्यापाशी बसून कळलं.

सकाळी लवकर उठवलं तर मुलगी कुरकुरेल, तरी तिला चिवल्याच्या किनाऱ्यावर न्या. नशीब असेल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली दिसेल. होडीतून जाळं अर्धगोल टाकतात आणि मग पुळणीवरून दोन्ही टोकांना माणसं दोर ओढत येतात. ओढणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा. माझे मामेआजोबा रापणीत होते. यांत्रिक जाळ्यांनी समुद्र खरवडून नेल्यापासून रापणीला मासळी कमी लागते हे दुःख तुम्हाला तिथे कुणीही सांगेल. ऐकून घ्या. दोराला हात लावायचा असेल तर विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत.

जेवण घरगुती खानावळीत करा आणि आज ताजं काय मिळालं तेच मागा. बाहेरचा माणूस सुरमई नि पापलेटावर अडून राहतो. बांगड्याचं तिरफळ (आमच्याकडचा मसाला) घातलेलं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, खाल्लं नाही तर मालवणला गेलात कशाला असं मला वाटतं. आईबाबा शाकाहारी असतील तर घावणे-रस विचारा, नारळाच्या दुधात गूळ घातलेला रस. निघताना बाजारातून खाजा घ्या, आलं-गुळाचा पाक चढवलेला. कोकम आणि कुळथाची पिठीही घ्या.

पद्मगडाला ओहोटीत दांडीवरून चालत जाता येतं, पण अंदाजाने जाऊ नका. भरतीचं गणित आजोबांनी शिकवलं ते असं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती आणि सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, म्हणून सव्वाअकराला भरती, संध्याकाळी सव्वापाचला ओहोटी. पण अष्टमीच्या सुमाराला भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी असतं, ते पुरेसं ओसरत नाही. पद्मगडासाठी पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपासचा दिवस बघा, किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला विचारा आणि पाणी फिरायच्या आत परत या. आईबाबांना तिथे नेऊ नका.

रेल्वेने येणार असाल तर कुडाळला उतरा, तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. स्वतःच्या गाडीने असाल तर कसालला मुंबई-गोवा महामार्ग सोडायचा. गाडी बंदराजवळ आणू नका, गल्ल्या अरुंद आहेत. मुक्कामाच्या ठिकाणी लावून पायी या. तारखा ठरल्या की इथेच कळवा, त्या दिवसांच्या तिथी बघून भरती-ओहोटीच्या वेळा काढून देते.