पाणक्याचा वर्ल्ड कप

प्रश्न : काका, माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याचे कोच त्याला बचावफळीच्या पुढं, मधोमध खेळवतात. गोल मारायला मिळत नाही म्हणून रुसून बसलाय. मी म्हटलं, अरे, डेशॅम्प्स तिथंच खेळायचा, पुढं फ्रान्सचा कोच झाला. तर म्हणतो, ‘तो पाणक्या होता, त्याच्याच देशाचा खेळाडू म्हणाला होता तसं.’ खरं आहे का हे?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, खरं आहे. 1996 मध्ये एरिक कँटोना तसं म्हणाला होता. कँटोनाला तेव्हा फ्रान्सच्या संघात जागा उरली नव्हती आणि कर्णधाराचा पट्टा देशाँच्या दंडावर होता, एवढं लक्षात ठेवून ते ऐकायचं. (उच्चार ‘दिदिए देशाँ’. शेवटची अक्षरं फ्रेंच लोक नुसती लिहितात, बोलत नाहीत. मीही कित्येक वर्षं डेशॅम्प्सच म्हणत होतो.) शब्द मूळचा सायकल शर्यतीतला. मुख्य स्वाराला पाण्याच्या बाटल्या आणून देणारे गडी असतात, त्यांना तसं म्हणतात. आपल्या पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरणारा असतो ना, तसा. ठसका लागेपर्यंत त्याच्याकडं कुणी बघत नाही.

मीही हाफला, म्हणजे याच मधल्या जागेवर खेळलो, त्यामुळं या जागेचं दुःख मला सांगू नका. दुसऱ्याच्या पायातला चेंडू काढायचा, चार पावलांवरच्या आपल्या गड्याला द्यायचा आणि परत जागेवर यायचं. टाळ्या पुढच्याला. देशाँनं फ्रान्ससाठी 103 सामन्यांत फक्त 4 गोल केले. आणि तरी 1993 मध्ये, चोविसाव्या वर्षी, मार्से या फ्रेंच क्लबचा कर्णधार म्हणून एसी मिलानला हरवून चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा, चषक त्यानंच उचलला. 1996 मध्ये इटलीच्या युव्हेंटसकडून पुन्हा जिंकला. कँटोनाला हा चषक एकदाही मिळाला नाही.

1998 च्या वर्ल्ड कपची फायनल आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू झाली होती. शेजाऱ्यांच्या खोलीत आम्ही वीसेक जण दाटीवाटीनं बसलो होतो. झिदाननं कॉर्नरवर डोक्यानं दोन गोल मारले तेव्हा खाली राहणारे जागे झाले. मी मात्र सात नंबरवर, म्हणजे देशाँवर, डोळा ठेवून होतो. उत्तरार्धात देसायीला लाल कार्ड मिळालं. हा देसायी म्हणजे नाँतच्या अकादमीत एकत्र वाढलेला देशाँचा जिवलग दोस्त. दहा जण उरले, समोर ब्राझील, आणि सात नंबर हातवारे करत एकेकाला जागा दाखवतोय. मी शेजारच्याला म्हटलं, हा आत्ताच कोच आहे. शेजारचा म्हणाला, गप बस. सामना 3-0 सुटला.

2001 मध्ये देशाँनं खेळणं थांबवलं आणि लगेच मोनॅकोचा संघ हातात घेतला. 2004 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांनी रेआल माद्रिदला बाहेर काढलं. पहिला सामना 4-2 हरले, घरी 3-1 जिंकले; बेरीज 5-5, पण परक्या मैदानावर जास्त गोल मारले म्हणून पुढं गेले. दोन्ही सामन्यांत गोल मारणारा मोरिएंतेस रेआलनंच मोनॅकोला उसना दिलेला! फायनलला मात्र प्रशिक्षक मोरिन्होच्या पोर्टोनं 3-0 धुतलं.

पण माझ्या मते त्याची खरी ओळख पटते ती 2006 च्या युव्हेंटसमध्ये. घोटाळ्यापायी क्लब इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत ढकललेला, वर गुण कापलेले. अपिलांनंतरही 9 गुणांची कपात कायम राहिली. बुफॉन, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे असे लोक छोट्या गावांच्या मैदानांवर खेळायला न्यायचे आणि त्यांना कंटाळू द्यायचं नाही, हे काम. त्यानं संघ एका वर्षात वर आणला. मग व्यवस्थापनाशी जमेना, तेव्हा हंगाम संपायच्या आधीच सोडून गेला. पुढं मार्सेला 18 वर्षांनी लीग जिंकून दिली, ती 2010 मध्ये.

मुलाला आता भाषण देऊ नका. 2018 च्या फ्रान्सचे सामने दाखवा आणि सांगा, नव्वद मिनिटं फक्त तुझ्याच जागेवर खेळणाऱ्या कांतेकडं बघ, चेंडूकडं नको.

प्रश्न : एम्बाप्पेसारखे खेळाडू असून देशाँचा फ्रान्स एवढा रटाळ का खेळतो?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तक्रार रास्त आहे. 2024 च्या युरोत तर कमाल झाली. उपांत्य फेरी गाठेपर्यंत फ्रान्सच्या खात्यात तीन गोल : दोन प्रतिस्पर्ध्यांनी स्वतःच्याच जाळ्यात मारलेले, एक पेनल्टी. मीही सोफ्यावर पेंगलो. कंटाळा येत असेल तर दुसरं काही बघा, अशा अर्थाचं त्यानं पत्रकारांना सुनावलंही.

पण त्याला भित्रा म्हणू नका. 2022 च्या फायनलला अर्जेंटिना 2-0 पुढं असताना त्यानं 41 व्या मिनिटाला, मध्यंतराचीही वाट न बघता, जिरू आणि देंबेले या आघाडीच्या दोघांनाही बाहेर बोलावलं. जिरू म्हणजे तेव्हा फ्रान्सचा सर्वाधिक गोल करणारा माणूस. अशा गड्याला वर्ल्ड कपच्या फायनलमधून पाऊण तासाच्या आत उठवायला काळीज लागतं. 3-3 पर्यंत सामना खेचला, शूटआउटमध्ये मात्र हरला. आणि 2018 मध्ये याच जिरूला एकही गोल न करता त्यानं स्पर्धाभर खेळवलं होतं, कारण तो पाठीवर बचावपटू घेऊन एम्बाप्पे-ग्रिझमनला वाट करून द्यायचा. पाणक्याला पाणक्याची किंमत कळते, दुसरं काय!

प्रश्न : खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी वर्ल्ड कप जिंकणारे किती?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : पुरुषांच्या फुटबॉलमध्ये तीन. ब्राझीलचा झागालो (खेळाडू म्हणून 1958 आणि 1962, प्रशिक्षक म्हणून 1970), जर्मनीचा बेकेनबाउअर (1974 आणि 1990) आणि देशाँ (1998 आणि 2018). पहिले दोघे जानेवारी 2024 मध्ये दोन दिवसांच्या अंतरानं गेले. त्या यादीतला हयात माणूस आता एकच.